हरित पट्ट्यातली वाळलेली बाग

सक्करदरा, नागपूर
१२ एप्रिल १९८२

आज साहेबांनी खोलीत बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी साहेबाच्या खोलीत दोनदाच बसलो आहे. एकदा माझी बदली झाली तेव्हा आणि एकदा साहेबाची झाली तेव्हा. त्यामुळे आधी बदलीचंच मनात आलं.

पण बदली नव्हे. शहराभोवती हरित पट्टा करायची योजना वरून आली आहे. त्या योजनेचा शेतजमिनीवर आणि जंगलावर काय परिणाम होईल, याचा अहवाल आमच्या कक्षाने मेअखेर द्यायचा, आणि शहराची दक्षिण बाजू माझ्याकडे. कृष्णकांत साहेब गेल्या वर्षी मुंबईहून इथे उपसंचालक म्हणून आले. आल्या आल्या त्यांनी बंगल्यात लॉन लावलं, त्यामुळे हिरवळ हा विषय त्यांच्या अगदी हातचा आहे. म्हणाले, "मार्तंडराव, आज हिरवं काय आहे आणि काय नाही, एवढं नकाशावर दाखवा. हिरवं असेल ते राखू. नसेल ते ताब्यात घेऊ आणि हिरवं करू. सोपं आहे."

खरंच सोपं आहे. वरिष्ठ नियोजन सहायकाची जागा डिसेंबरात रिकामी होते आहे, हेही ते जाता जाता बोलून गेले.

घरी उत्तराला सांगितलं, तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, नागपुरात मे महिन्यात हिरवं शोधायला कोणी घराबाहेर पडतं का?" सरकारी वर्ष कसं चालतं हे बायकांना सांगून कळत नाही.

६ मे

पाहणी सुरू केली. उत्तराने खिशात कांदा कोंबला आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळला. लू अशी की जीपच्या दाराला हात लावता येत नाही. जीप चालवायला धोंडबा आहे, तो गाडीपेक्षा तोंड जास्त चालवतो.

पाहणीची पद्धत मी स्वतः बसवली आहे. बांधावर उभं राहायचं, समोर बघायचं, जो रंग दिसेल तो नकाशात भरायचा. हिरवं दिसलं तर हिरवा, नाही दिसलं तर पिवळा, म्हणजे पडीक. शेतकऱ्याला विचारत बसायचं नाही, कारण शेतकरी स्वतःच्याच शेताची बाजू घेतो. साहेबांना पद्धत फार आवडली. याला वस्तुनिष्ठ म्हणतात, असं म्हणाले.

मनीषनगरच्या पुढे टेंभरी नावाचं गाव आहे. तिथली सगळी शेतं नांगरून ठेवलेली, काळीभोर. काळा रंग पद्धतीत नव्हता, म्हणून पडीक धरली.

दिवसभरात हिरवी जागा एकच सापडली, पण काय सापडली! गावामागून शहराच्या सांडपाण्याचा नाला जातो. त्याच्या दोन्ही काठांना पुरुषभर उंच, गर्द झाडी आणि वर जांभळी फुलं. नाकाला रुमाल लावून नाल्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि 'घनदाट हरित क्षेत्र' अशी नोंद केली. धोंडबा म्हणे, "साहेब, बेशरम हाये ते. ढोरंबी तोंड लावत नाही त्याले." मी म्हटलं, ढोरांना विचारून योजना होत नसतात.

११ मे

टेंभरीचं जंगल बघितलं. महसुलाच्या कागदात ते झुडपी जंगल आहे. गावातले लोक साग, सालई, धावडा अशी नावं सांगत होते. मला नुसत्या उभ्या काड्या दिसल्या. सबंध जंगलात पान म्हणून नाही, जी काय होती ती पायाखाली. 'वन म्हणावे असे काही अस्तित्वात नाही' असं लिहून टाकलं.

जंगलाला लागून संत्र्याची बाग आहे. ती बघून मात्र जीव हळहळला. पानं कोमेजून गुंडाळलेली, निम्मी गळालेली. आणि पलीकडे विहिरीत चांगलं पाणी, वर मोटर! मालकीण रुखमाबाई कडुनिंबाखाली बसून सुपारी कातरत होत्या. नवरा वारल्यापासून बाग त्याच बघतात म्हणे. कशी बघतात ते दिसतच होतं.

मी म्हटलं, "बाई, विहिरीत पाणी आहे आणि झाडं तहानेने मरताहेत. पाणी का देत नाही?"

"मुद्दाम नाही देऊन राहिली. ताण देला हाये झाडाइले. मिरगाचा बहार घ्याचा हाये नं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता झाड तहानलं, का मिरगाच्या पाण्यावर फुलते. आता पाणी पाजलं तं नुसता पाला फेकते. तुमी संत्री खाता का नाही, साहेब?"

"खातो की."

"मंग ते का तुमच्या रंगाच्या डब्यातून निघतेत?"

धोंडबा फिदीफिदी हसला. आळस झाकायला लोक काय काय सांगतील! तहानेने झाड फुलतं म्हणे. मग राजस्थानच्या वाळवंटात बागाच बागा नसत्या झाल्या? नोंद केली: 'मृतप्राय बाग. मालकाची अनास्था. पडीक.' निघताना रुखमाबाईंनी माठातलं गार पाणी आणि गुळाचा खडा दिला. बाई माणूस म्हणून चांगली आहे.

३१ मे

अहवाल गेला. शेवटचं वाक्य माझं स्वतःचं आहे: 'सदर योजनेचा शेतजमिनीवर व वनजमिनीवर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही, कारण योजनाक्षेत्रात शेतजमीन व वनजमीन जवळपास आढळून येत नाही.' साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

जंगलाच्या जागी नीलगिरी लावायची ठरली आहे, सरळ रांगेत. रुखमाबाईंच्या बागेच्या जागी सार्वजनिक उद्यान होईल. लॉन, बाकं आणि मधोमध नागपूरची ओळख म्हणून सिमेंटचं दोन मजली संत्रं. संध्याकाळी त्यात आतून दिवा लागेल. दिव्याची कल्पना साहेबांची.

उत्तराने विचारलं, "संत्र्याची बाग काढून सिमेंटचं संत्रं?"

"बाग नाही. मृतप्राय बाग."

ती वाढायला लागली. मला वाढताना आमरसाची वाटी मात्र विसरली. मुलांना विसरली नाही.

९ जुलै

हरकतींची सुनावणी झाली. रुखमाबाई कापडात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या आणि त्यांनी ते साहेबांच्या टेबलावर सोडलं. संत्र्याची फांदी, पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेली. सगळ्या कचेरीत घमघमाट सुटला. टंकलेखन करणाऱ्या मुली उठून दारात आल्या.

साहेबांनी डोळे मिटून वास घेतला. "वा! कुठलं अत्तर हे?"

"माह्या मेलेल्या बागेचं."

साहेबांनी कागद चाळले. "बाई, हरकत लेखी द्यावी लागते. फांदी दाखल करून घेता येत नाही."

"मंग तुमी चाला तिकडं. बाग काई अठी चालत येणार नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काहून साहेब, मान काहून खाली घातली?"

मी मान खाली घातलीच नव्हती. पेनाचं टोपण पडलं होतं, ते शोधत होतो.

जंगलाच्या वतीने हरकत घ्यायला कोणी आलं नाही. ते प्रकरण लगेच मंजूर झालं.

१३ जुलै

जागेवर गेलो. झाडन् झाड पांढरं झालं होतं आणि मधमाश्यांनी नुसता कल्ला मांडला होता. अहवाल खोटा ठरला तर डिसेंबरची जागा गेली, नोकरीवरही बालंट. देवाचं नाव घेत उभा राहिलो.

साहेब मात्र हळूहळू प्रसन्न होत गेले. "मार्तंडराव, मेमध्ये ही पडीक होती?"

"होती, साहेब."

"आणि योजना जाहीर कधी झाली?"

"जूनमध्ये."

"मग हा योजनेचाच परिणाम!"

मी हो म्हटलं. आणि विचार केला तर ते खरंही वाटतं. नोटीस बघून बाई घाबरल्या असणार आणि मोटर सुरू केली असणार. शेवटी साहेबांनी असं ठरवलं की बाग तूर्त बाईंकडे राहील. पुढच्या मेमध्ये मुंबईची समिती येईल. तेव्हा हिरवी दिसली तर बाग कायमची त्यांची, वाळलेली दिसली तर ताब्यात घेऊन उद्यान.

रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला. "मे मंदीच काहून येता, बाप्पा? दिवाळीत या, संक्रांतीत या, मी पुरणाचं जेवू घालतो तुमाले."

"दौऱ्याला मंजुरी एप्रिलनंतरच मिळते," साहेब म्हणाले.

परतताना जंगल लागलं. काड्यांना पानं आली होती. सागाचं एकेक पान माणसाच्या डोक्यावर धरता येईल एवढं. नीलगिरीसाठी जागा मोकळी करायला मजूर कुऱ्हाडी घेऊन आत शिरले होते. साहेब दुसऱ्या खिडकीतून बघत राहिले. मीही तिकडेच बघितलं.

२ जानेवारी १९८३

वरिष्ठ नियोजन सहायक झालो! कचेरीत पेढे वाटले. धोंडबाने दोन घेतले.

२० फेब्रुवारी

रुखमाबाई संत्र्यांनी शिगोशीग भरलेली टोपली घेऊन घरी आल्या. त्या बैठकीत बसतील असं वाटलं होतं, तर थेट स्वयंपाकघरात गेल्या. उत्तरा म्हणाली, "अगंबाई, तुम्ही?" कळलं असं की बुधवारच्या बाजारात उत्तरा दरवर्षी त्यांच्याकडूनच संत्री घेते. दोघींचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. कशाला हसत होत्या ते सांगितलं नाही.

संत्री काय गोड! बसल्या बैठकीला किती खाल्ली ते लिहीत नाही. बाईंच्या मनात कृतज्ञता आहे. योजनेने त्यांना कष्टाची सवय लावली.

२७ एप्रिल

समिती वीस मेला येते आहे, म्हणून सहज टेंभरीला चक्कर मारली. बघतो तर बाग पुन्हा वाळायला लागलेली! मोटर बंद. गावात विचारलं तर रुखमाबाई नरखेडला पुतणीच्या लग्नाला गेल्या आहेत. बाग जायची वेळ आली आणि ही बाई वऱ्हाडात मिरवते आहे!

राग आला आणि वाईटही वाटलं. ती टोपली आठवली, गुळाचा खडा आठवला. नाही, ती बाग मी जाऊ देणार नाही. मोटरच्या खोलीला कुलूप आहे, उद्या टँकर मागवतो.

३० एप्रिल

दोन दिवस टँकर चालू आहे. रोज स्वतः उन्हात उभा राहून झाडांच्या आळ्यांत पाणी सोडून घेतो आहे. पाव बाग भिजली. टँकरही धोंडबाच चालवतो आणि सारखा म्हणतो, "साहेब, बाईले विचारून घेऊ नं एकडाव." मी म्हटलं, चांगल्या कामाला विचारायचं कशाला? साहेबांनीही पाठ थोपटली. मला या नोकरीत इतकं समाधान कधी मिळालं नव्हतं.

२ मे

रुखमाबाई एसटीतून उतरल्या त्या डोक्यावरच्या गाठोड्यासकट धावत आल्या. लग्नातलं नवं लुगडं अंगावर, पायात चप्पल नाही. टँकरच्या चाकासमोर फतकल मारून बसल्या. "थांबव गा धोंडबा! थांबव म्हणतो नं!"

मी हसत पुढे गेलो. वाटलं, आनंद झाला असेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि रडायला लागल्या. कचेरीत साहेबाला सुनावणारी बाई, लहान पोरीसारखी हमसून रडली.

"काय केलं हे, साहेब? अर्धा बहार मारला तुमी माहा!"

"समिती येते आहे. वाळलेली दिसली तर बाग जाईल. तुमच्यासाठीच केलं."

"बाग गेली तं एकडाव जाईन. दरसाल मे मंदी पाणी पाजून बहार मारला तं मी काय पाला विकू बाजारात?"

धोंडबाने न विचारताच नळ बंद केला.

घरी येऊन उत्तराला सांगितलं. ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "फेब्रुवारीत जी संत्री खाल्लीत, त्याच्या आधीच्या मेमध्ये बाग कशी होती?"

"वाळलेली."

"मग?"

मग सगळं कळलं. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सरळ मराठीत सांगितलं होतं. आणि त्या काड्याही काड्या नव्हत्या. काळी शेतंही पडीक नव्हती, पेरणीसाठी तयार होती. मला माझी लाज वाटते.

८ मे

टेंभरीला जाऊन रुखमाबाईंपुढे हात जोडले. उरलेल्या अर्ध्या बागेला थेंब मिळणार नाही, असं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "आणि तुमची समिती?"

"बघतो काहीतरी."

"तुमी बघता याचंच भेव वाटते, साहेब," त्या म्हणाल्या. पण गुळाचा खडा दिला.

२० मे

समिती आली. अध्यक्ष जाडजूड, घामाने थबथबलेले, गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. मी म्हटलं, "या बाजूने, साहेब," आणि सगळ्यांना घेऊन सरळ नाल्यावर गेलो.

बेशरम यंदा आणखी माजलं आहे. अध्यक्षांनी काळा चष्मा काढला. "वा वा! भर उन्हाळ्यात इतकं गर्द! हीच ती संत्र्याची बाग?"

"हीच, साहेब."

"फुलं जांभळी असतात वाटतं?"

"मृगाचा बहार आहे, साहेब."

"आणि हा वास?"

"खत."

कृष्णकांत साहेबांनी एक पान खुडून उलटसुलट बघितलं. "मार्तंडराव, संत्र्याला काटे असतात ना?"

"ही सुधारित जात आहे, साहेब."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पान टाकून दिलं आणि अध्यक्षांना म्हणाले, "सुधारित जात आहे." त्यांना कळलं की नाही, देव जाणे. त्यांचीही बढती यंदा आहे.

शेरा मिळाला 'आदर्श'. रुखमाबाईंची बाग आता कायमची रुखमाबाईंची. अध्यक्षांना मुंबईच्या बंगल्यासाठी दोन रोपं हवी होती. धोंडबाने दोन दांडे मोडून ओल्या पोत्यात बांधून दिले. "जगेल ना?" त्यांनी विचारलं. धोंडबा म्हणाला, "हे मरत नाही, साहेब." खऱ्या बागेच्या कडुनिंबाखाली रुखमाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. हसू दाबताना हलणारे खांदे लांबूनही दिसत होते.

७ जुलै

आज एकटाच टेंभरीला गेलो. मधल्या बांधावर उभा राहिलो आणि माझ्या पद्धतीप्रमाणे समोर बघितलं. उजवीकडे सगळं पांढरं, मधमाश्या, वास. डावीकडे माझ्या टँकरची झाडं. गडद हिरवी, तुकतुकीत, आणि एकावर एक फूल नाही. तिकडे बघवेना. मला रडू आलं, डोळे बांधावरच पुसले.

पलीकडे नीलगिरीची रोपं रांगेत उभी आहेत. एकही पक्षी दिसला नाही. नकाशात ती जागा आता हिरवी आहे, आणि तो हिरवा रंग मीच भरला.

१५ फेब्रुवारी १९८४

रुखमाबाई आल्या. या खेपेला त्या बैठकीत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि टोपली पुढे सरकवली. अर्धीच भरलेली.

"भरलेली ते माही," त्या म्हणाल्या. "रिकामी हाये ते तुमची."

उत्तरा आणि त्या दोघी हसल्या. मी हसायचा प्रयत्न केला.

"असे तोंड पाडू नका, साहेब. पुढच्या साली पूर्ण भरून आणीन. फक्त एवढी मेहेरबानी करा, मे महिन्यात घरीच झोपून राहा."

राहीन म्हटलं. रजेचा अर्ज उद्याच देणार आहे.

उत्तराने संत्री परातीत काढून घेतली. दुसऱ्याची टोपली आपल्यात रिकामी परत करत नाहीत, म्हणून मी म्हटलं, थांब, मी घालतो काहीतरी. टेबल बघितलं, कपाट बघितलं. कपाटात माझे नकाशे आहेत, रंगाचा डबा आहे, बढतीचा हुकूम आहे. माझ्या हातचं म्हणून त्या टोपलीत घालावं असं काहीच सापडलं नाही. शेवटी उत्तरानेच दोन ओंजळी गहू घातले आणि टोपली त्यांना दिली.